डायलवरची रिकामी जागा : जहाजाचा रेडिओ, हरवलेलं मॅन्युअल आणि पेन्सिलने लिहिलेले तीन आकडे

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे छाटलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागे जो आवाज येतोय तो पावसाचा आहे, खराखुरा. घोटीत जुलैमध्ये रेकॉर्डिंग करायचं तर पत्र्यावरचा पाऊस फुकटात मिळतो. हेडफोन लावा आणि चालवून घ्या.

आजची गोष्ट समुद्राची आहे. आता तुम्ही म्हणाल, घोटी आणि समुद्र? इथे भाताची खाचरं, समोर कळसूबाईची रांग, दारातून मुंबई-आग्रा हायवे. समुद्र गाठायचा तर कसारा घाट उतरून पुढे आख्खी मुंबई ओलांडायची. पण त्याच हायवेने गेल्या वर्षी एक लोखंडी पेटी घाट चढून आमच्या घरी आली. वजन पस्तीस-चाळीस किलो. पुढच्या बाजूला एक मोठा डायल आणि बरेचसे नॉब. नावाची पट्टी गायब, स्क्रूची चार भोकं तेवढी शिल्लक. आईने विचारलं, "हे काय आणलंस?" म्हटलं, "जहाजावरचा रेडिओ." आईचा पुढचा प्रश्न : "चालतो का?"

चालत नव्हता. आणि तो कसा चालवायचा हे सांगणारा एक कागदही सोबत नव्हता.

कागद जातात कुठे?

आधी हे समजून घेऊ की अशा यंत्रांचे कागद सापडत का नाहीत.

मुंबईत रे रोड स्टेशनच्या पूर्वेला, बंदराच्या कडेला दारूखाना आहे. जुनी जहाजं तोडायची जागा. आपली पहिली विमानवाहू नौका, आयएनएस विक्रांत, २०१४ मध्ये तिथेच तोडायला घेतली होती. जहाज तुटतं तेव्हा त्यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या वाटेने जाते. पोलाद एकीकडे, तांबं-पितळ दुसरीकडे, घड्याळं-दिवे-होकायंत्र चोरबाजारात, आणि कागद रद्दीत. रेडिओच्या खोलीतलं मॅन्युअल हाही शेवटी कागदच. रेडिओ किलोवर विकला जातो, मॅन्युअलही किलोवर जातं, फक्त दोघांची गिऱ्हाइकं वेगळी. ताटातूट होते ती तिथे.

आरमाराच्या सेटचं दुखणं आणखी वेगळं. लढाईच्या काळात ही पुस्तकं गुप्त असायची. सिग्नलच्या सांकेतिक पुस्तकांना तर शिशाचं वजनदार कव्हर असायचं. जहाज शत्रूच्या हाती लागतंय असं दिसलं की पुस्तक समुद्रात फेकायचं, आणि ते तरंगू नये म्हणून शिसं. कागद हरवावा अशी सोय ज्यांनी मुद्दाम करून ठेवली होती, त्यांच्या यंत्राचे कागद आपण ८० वर्षांनी शोधतोय!

तिसरं कारण माझ्या रोजच्या कामातलं आहे. मी सॉफ्टवेअरवाला. दहा वर्षं जुन्या सिस्टिममध्ये कुणीतरी रात्री दोन वाजता एक बदल केलेला असतो, तो चालतो, आणि त्याची नोंद कुठेच नसते. यंत्राचंही तसंच. कारखान्यातून निघाल्यावर जहाजावर, गोदीत, वर्कशॉपमध्ये त्यात किती हात पडले हे कारखान्याच्या पुस्तकात कसं असणार?

रेडिओ नसला तर काय होतं

हे सगळं करायचं कशाला, असं वाटत असेल तर एक तारीख सांगतो. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला एक महिना बाकी. मुंबईहून ‘रामदास’ बोट रेवसला निघाली. भर पावसाळा, अमावास्येचा दिवस, गावाकडे निघालेली माणसं, बोट खचाखच. काश्याच्या खडकाजवळ लाटांनी बोट कलंडली आणि बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली.

बोटीवर वायरलेस नव्हता.

मुंबई बंदर जवळच होतं. हाक मारायची सोय नव्हती म्हणून बातमी पोचायला कितीतरी तास लागले, आणि ती आणली कुणी, तर पोहून वाचलेल्यांनी. जी माणसं पाण्यातून निघाली त्यांतल्या बऱ्याच जणांना वाचवलं मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी. कोकणातल्या कितीतरी घरांत अजून ‘रामदास’ म्हटलं की आधी ती बोट आठवते.

तर जहाजावरचा रेडिओ म्हणजे गाणी ऐकायची वस्तू नव्हे. मोठ्या जहाजांवर त्यासाठी वेगळी खोली आणि वेगळा रेडिओ ऑफिसर असायचा. संकटाच्या हाकेसाठी जगभर एक फ्रिक्वेन्सी ठरलेली होती, ५०० किलोहर्ट्झ. रेडिओच्या खोलीतल्या घड्याळावर काही भाग लाल रंगवलेला असायचा : प्रत्येक तासाला १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटं. त्या तीन-तीन मिनिटांत सगळ्यांनी गप्प बसायचं आणि फक्त ऐकायचं. कुठेतरी एखादं जहाज क्षीण आवाजात हाक मारत असेल तर ती कुणाच्या बडबडीत बुडू नये म्हणून. मुंबईच्या किनारी केंद्राची खूण होती व्ही-डब्ल्यू-बी. अरबी समुद्रातल्या जहाजांसाठी ‘बॉम्बे रेडिओ’ म्हणजे ही तीन अक्षरं, मोर्समध्ये.

हे शिकवायचं कुठे? आरमारासाठी मुंबईत कुलाब्याला ‘एचएमआयएस तलवार’ नावाची शाळा होती. नाव जहाजाचं, पण होती जमिनीवर. तिथे सिग्नलचं शिक्षण व्हायचं. १८ फेब्रुवारी १९४६ ला निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक याविरुद्ध तिथल्या नाविकांनी संप केला. तोच नौसैनिकांचा उठाव. तो ७८ जहाजांवर आणि २० किनारी ठाण्यांवर पसरला. इतक्या लवकर कसा पसरला याचं एक उत्तर साधं आहे : संपाला बसलेली माणसं वायरलेसवाली होती. जहाजाशी बोलायचं कसं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती, सरकारनेच शिकवलं होतं. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान हे सिग्नलमन आणि उपाध्यक्ष मदन सिंग हे टेलिग्राफिस्ट. कुलाब्यात या उठावाचं स्मारक आहे, कधी गेलात तर थांबा जरा.

माझा सेट ‘तलवार’वरचा आहे असं मी अजिबात म्हणत नाही. तो कुठल्या जहाजाचा हे मला माहीत नाही. पण ज्या पिढीने हे नॉब फिरवले, त्या पिढीची ही गोष्ट आहे.

पहिला धागा : नसलेले आकडे

आता पेटीकडे येऊ. पहिला नियम : प्लग लावायचा नाही. जुनं यंत्र हाती आलं की हात शिवशिवतात, ‘लावून तर बघू’. त्या एका क्षणात ट्रान्सफॉर्मर जळतो आणि मग सगळंच संपतं. म्हणून आधी फक्त बघायचं. मी पहिला आठवडा निव्वळ फोटो काढले. प्रत्येक कोपरा, प्रत्येक वायर, मोबाइलच्या टॉर्चने.

व्हॉल्व्ह मोजले, अकरा. डायल पुसला. एकूण सहा पट्टे. सुरुवात ६० किलोहर्ट्झला, शेवट ३० मेगाहर्ट्झला. पण मधे एक गंमत. एक पट्टा ४२० ला संपतो आणि पुढचा थेट ५०० ला सुरू होतो. मधले ८० किलोहर्ट्झ कुठेच नाहीत. मला वाटलं छापताना चुकलं, नाहीतर कुणी डायल बदलला.

दोन दिवस त्यावर विचार केल्यावर ट्यूब पेटली. असे रिसीव्हर येणारा प्रत्येक सिग्नल आतल्या एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणतात आणि तिथे त्याला वाढवतात. समजा ती आतली फ्रिक्वेन्सी ४६५ किलोहर्ट्झ आहे. मग बाहेरूनही ४६५ च ट्यून करायला गेलात तर आत-बाहेर एकच होतं, वाढवलेला सिग्नल परत तोंडाशी येतो आणि सेट शिट्ट्या मारायला लागतो. लाऊडस्पीकरसमोर माइक धरल्यासारखं. म्हणून बनवणाऱ्याने तो भागच सोडून दिला होता. डायलवरची रिकामी जागा ही चूक नव्हती, ती सही होती!

अकरा व्हॉल्व्ह, ६० ते ४२०, ५०० पासून ३० मेगाहर्ट्झ. या खुणा एका सेटशी जुळतात : मार्कोनीचा सीआर १००. दुसऱ्या महायुद्धातला. ब्रिटिश आरमारात त्यालाच बी २८ म्हणत. आणि बघा, ५०० किलोहर्ट्झची ती हाक बरोबर पट्ट्याच्या काठावर, पण आत घेतलेली.

दुसरा धागा : एका व्हॉल्व्हची चार नावं

नाव कळलं की अर्धी लढाई जिंकली असं वाटतं. तसं नसतं. मार्कोनी कंपनीचा जुना कागदपत्रांचा साठा आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. हौशी लोकांनी स्कॅन केलेले नकाशेही फिरत असतात. मलाही सीआर १०० चा सर्किट नकाशा मिळाला. पण या सेटच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या, आणि मिळालेला नकाशा माझ्या पेटीशी सगळीकडे जुळेना.

मग उलटी वाट धरली. नकाशावरून यंत्र वाचायचं सोडून यंत्रावरून नकाशा काढायचा. त्याची किल्ली म्हणजे व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हवरचा नंबर वाचता आला की त्याची माहिती मिळते : कुठल्या पायावर किती व्होल्ट, आत काय. एकदा पाय कळले की प्रत्येक पायापासून निघणारी वायर धरून चालायचं आणि वहीत काढत जायचं. सुरवातीला ते नूडल्ससारखं दिसतं, तिसऱ्या-चौथ्या व्हॉल्व्हला रचना दिसायला लागते.

इथे आणखी एक फसगत असते, तीही सांगून ठेवतो. ब्रिटिशांच्या तिन्ही दलांनी एकाच वस्तूला आपापली नावं दिली होती. ईएफ ५० नावाचा एक प्रसिद्ध व्हॉल्व्ह घ्या. हवाई दलात तो व्हीआर ९१, लष्करात एआरपी ३५, आणि नंतरच्या सामाईक यादीत सीव्ही १०९१. चार नावं, वस्तू एक. नवखा माणूस तीन व्हॉल्व्ह ‘मिळत नाहीत’ म्हणून हताश होतो आणि चौथा त्याच्या डब्यातच असतो.

तिसरा धागा : पेन्सिल

आता ज्यासाठी हा सगळा एपिसोड केला तो भाग.

सगळ्यात शेवटचा व्हॉल्व्ह, जो स्पीकर चालवतो, तो नकाशाप्रमाणे केटी ६३. त्याच्या कॅथोडला, म्हणजे एका पायाला, एक रेझिस्टर असतो. केटी ६३ सारख्या व्हॉल्व्हला तो ४०० ओहमच्या आसपास लागतो. माझ्या सेटमध्ये मोजला तर २५० च्या जवळ.

माझं पहिलं मत : रेझिस्टर खराब झालाय, बदला. नवा आणूनही ठेवला. ‘मूळ’ केटी ६३ शोधून मागवला. सेट अगदी कारखान्यातून निघाला तसा करायचा, असं ठरवलं होतं. सोल्डरिंग आयर्न तापलेलं होतं.

त्याआधी नाशिक रोडला राहणाऱ्या एका काकांना फोन केला. निवृत्त रेडिओ ऑफिसर. त्यांना व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. ते म्हणाले, "अरे, थांब. तू ज्या काळाचे रेझिस्टर म्हणतोयस ते म्हातारे झाले की वर जातात, खाली येत नाहीत. चारशेचा पाचशे होईल. अडीचशे कसा होईल?"

"काका, मग हा कुणी मुद्दाम लावलाय?"

"सॉकेटमध्ये आत्ता कुठला व्हॉल्व्ह आहे ते बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. म्हणजे व्हॉल्व्ह बघितला होता, पण काचेवरची अक्षरं पुसट झालेली, आणि नकाशा सांगतो तोच असणार असं मी धरून चाललो होतो. काच टॉर्चपुढे तिरकी धरली. ६ व्ही ६. अमेरिकन जातीचा व्हॉल्व्ह. पाय त्याच जागी, पण त्याला लागणारा रेझिस्टर वेगळा. गणित केलं : १२.५ व्होल्ट, साधारण ५० मिलिअँपिअर. भागा. २५० ओहम.

मग तो रेझिस्टर जिथे जोडलाय तिथली काजळी कापसाने हळूच पुसली. चासीच्या पत्र्यावर पेन्सिलने लिहिलेलं होतं : २५०. देवनागरीत.

मंडळी, मी दोन मिनिटं काही बोललो नाही. इंग्लंडमध्ये बनलेला सेट, आतली प्रत्येक खूण इंग्रजीत, आणि मधेच कुणीतरी देवनागरीत आकडा लिहून ठेवलेला. मराठी असेल, हिंदी असेल, नाव नाही, तारीख नाही. केटी ६३ त्याला मिळाला नसावा. जो होता तो त्याने बसवला, पण नुसता खुपसून मोकळा झाला नाही. हिशेब केला, रेझिस्टर बदलला, आणि पुढे येणाऱ्यासाठी तीन आकडे ठेवून गेला. त्या सेटचं हरवलेलं मॅन्युअल एवढंच उरलं होतं, आणि मी ते ‘मूळ’ करण्याच्या नादात काढून टाकणार होतो. वर अडीचशे ओहम तसाच राहून केटी ६३ लागला असता तर तो तापून लवकर मेला असता, ते वेगळंच.

आता प्रश्न असा की दुरुस्त करताना कुठल्या दिवसाकडे परत जायचं? कारखान्यातल्या पहिल्या दिवसाकडे, की तो सेट जिथे शेवटचा कामाला होता त्या दिवसाकडे? मी दुसरं निवडलं. केटी ६३ अजून डब्यात पडून आहे.

बाकीचं काम आणि दोन इशारे

मेण लावलेले कागदी कपॅसिटर मात्र जवळपास सगळे बदलले. ते गळतात, आणि शेवटच्या व्हॉल्व्हच्या आधीचा गळला तर व्हॉल्व्हच जळतो. पण जुनी नळकांडी फेकली नाहीत. आतला माल काढून नवा छोटा कपॅसिटर आत सरकवला, तोंड मेणाने बंद. बाहेरून तेच दिसतं. प्रत्येक बदलाची नोंद वहीत आणि फोटोत, आधीचा आणि नंतरचा.

पहिल्यांदा करंट दिला तो सिरीज बोर्डवर. आपले इलेक्ट्रिशियन वापरतात तोच, मधे १०० वॉटचा बल्ब. बल्ब भगभगीत पेटला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. माझा बल्ब आधी उजळला आणि मग हळूहळू मंद झाला. त्या मंद होण्याइतकं सुंदर दृश्य मी फार कमी पाहिलंय.

इशारे. एक : या सेटमध्ये अडीचशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो, ट्रान्समीटरमध्ये त्याहून कितीतरी जास्त, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेला राहू शकतो. एकटे असताना आणि नुसता व्हिडिओ बघून हात घालू नका. चमकणाऱ्या जुन्या डायलमध्ये रेडियम असू शकतं, ते खरवडू नका. दोन : ट्रान्समीटर हाती लागला तर परवान्याशिवाय तो चालवायचा नाही. हौशी रेडिओची परीक्षा देता येते, ती द्या.

आणि मग रात्री

सेट चालू झाला तेव्हा आधी ५५८ किलोहर्ट्झवर मुंबई आकाशवाणी लावून डायल बरोबर आहे का ते तपासलं. मग काटा ५०० वर नेला. तिथे आता कुणी नाही. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांवर उपग्रहांची नवी व्यवस्था पूर्णपणे लागू झाली, मोर्सची पाळत संपली, आणि रेडिओ ऑफिसर हे पदही. काकांची नोकरी त्याच लाटेत गेली. ते फोनवर होते. म्हणाले, "ठेव जरा पाचशेवर." आम्ही दोघांनी तीन मिनिटं नुसती खरखर ऐकली. लाल रंगाची तीन मिनिटं.

मग ते म्हणाले, "आता थोडा वर जा. पाचशे अठरा." साडेदहा वाजत आले होते. आणि त्या खरखरीतून एक बारीक, भरभर किरकिर वर आली. नॅव्हटेक्स. जहाजांसाठी हवामानाचे आणि धोक्याचे इशारे, प्रत्येक केंद्राला दर चार तासांनी दहा मिनिटं. फोनवरचं एक डीकोडर ॲप स्पीकरपुढे धरलं, आणि स्क्रीनवर अक्षरं उमटायला लागली. काही गाळलेली, काही चुकलेली, पण मुंबईचीच. खवळलेल्या समुद्राचा इशारा.

बाहेर घोटीचा पाऊस, आणि आत पेन्सिलच्या २५० वर चालणारा सेट अरबी समुद्राचं हवामान सांगतोय.

वहीतल्या नकाशाची एक प्रत मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सेटच्या आत, झाकणाला चिकटवून ठेवली आहे. काय बदललं, का बदललं, आणि तो २५० कुणी पुसू नये ही विनंती. मराठीत लिहिली आहे.

तुमच्या घरी, गावात, कुणाच्या माळ्यावर असं काही पडलेलं असेल तर प्लग लावायच्या आधी फोटो काढा. आणि ओळखीत एखादे रेडिओ ऑफिसर काका असतील, तर यंत्राच्या आधी त्यांच्याकडे जा, फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि त्यांना बोलू द्या.

पाऊस वाढलाय, लाईट जायच्या आत थांबतो. भेटू पुढच्या भागात.